आत्याबाईंचा धूर

सोनकवडे नगरपरिषदेच्या सभागृहात मी घराघरातल्या धुरावर तावातावानं बोलत होते आणि नेमका तेव्हाच माझा फोन मोठ्यानं बोलायला लागला.

“रणजित जगदाळे यांच्या घरात तंबाखूचा धूर आढळला आहे. ही पहिली सूचना. घरातील धूम्रपान करणाऱ्या पुरुष सदस्यास कृपया समज द्यावी.”

आवाज मोठा गोड होता. असणारच. तो मीच निवडला होता आणि मजकूरही मीच लिहून दिला होता. मी वृषाली जगदाळे, आरोग्य समितीची सभापती. आणि ज्याला समज द्यायची तो रणजित म्हणजे माझा नवरा.

समोरच्या बाकावर शेवाळेअण्णा बसले होते. त्यांच्या भावाकडे तालुक्याची तंबाखूची एजन्सी, त्यामुळे माझ्या नियमाला त्यांचा पहिल्या दिवसापासून विरोध. त्यांनी टेबलावर थाप मारली. “सभापतीबाई, आधी घरी जाऊन या. आम्ही थांबतो.” अख्खं सभागृह हसलं. नगराध्यक्ष रुमालाआड हसले, तेही मी बघितलं.

घरी गेले ती फणकाऱ्यातच.

“मी ओढलेली नाही,” रणजित म्हणाला.

“मग काय भिंतीनं ओढली?”

“आईची शपथ!”

ज्यांची शपथ घेतली त्या माझ्या सासूबाई ओट्याशी भाकरी थापत होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांची ती भाकरी तव्यावर जरा वाकडी पडली, पण माझं लक्ष कुठं होतं? मी रणजितचे शर्ट हुंगत होते. आमच्या लेकीच्या, ओवीच्या जन्माच्या वेळी त्यानं सिगारेट सोडली होती आणि तेव्हापासून खिशात बडीशेप बाळगायचा. मी खिसे उलटे केले, स्कूटरची डिकी उघडली, सगळीकडे बडीशेप.

“नवऱ्याला असं हुंगत बसू न्हये गं,” आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी लेकाच्या ताटात न मागता आणखी तूप वाढलं. त्या रात्री लेकावर त्यांची माया जरा जास्तच उतू चालली होती. मला वाटलं, आई ती आईच.

आता हे यंत्र काय आहे ते सांगते, नाहीतर माझी पुढची फजिती कळायची नाही.

तंबाखूच्या पानावर अंडी घालणारा एक पतंग असतो. अंधारात, वाऱ्यावर, दुसऱ्या शंभर पिकांच्या वासातून त्याला बरोबर तंबाखूचं पान सापडतं. त्याच्या डोक्यावर मिशांसारखे दोन केसाळ तुरे असतात, त्यांत एक प्रथिन असतं. त्या प्रथिनाला एक पोकळी असते आणि त्या पोकळीत निकोटिनचा रेणू असा चपखल बसतो, की कुलपात किल्लीच. डॉक्टर समीना मुल्ला या कोल्हापूरच्या संशोधक बाईंनी त्या प्रथिनाची जनुकं यीस्टमध्ये घातली. आपण पाव फुगवायला वापरतो तेच यीस्ट. यीस्ट ते प्रथिन भरभरून तयार करायला लागलं. मग त्याचा थर कागदाहून पातळ अशा कार्बनच्या पत्र्यावर चढवला. हवेतला निकोटिनचा एक एक रेणू पोकळीत बसला, की पत्र्यातली वीज किंचित कमीजास्त होते. ती कशी चढली, कशी उतरली याचा आलेख यंत्र काढतं. बस्, एवढंच. त्यात कॅमेरा नाही, माईक नाही. साबणाच्या वडीएवढं ते यंत्र भिंतीला चिकटवायचं. कागदोपत्री त्याचं नाव ‘गंधवेधी’ आहे. सोनकवड्यात मात्र पहिल्या दिवसापासून सगळे त्याला ‘नाक’ म्हणतात.

नियमाचे भाग दोन. ज्या इमारतीत दोन घरांना एक भिंत, तिथं घरात विडी-सिगारेट ओढायची नाही. आमच्या वॉर्डात विडी एकाची आणि खोकला शेजाऱ्याच्या पोराचा अशी वाटणी होती, ती मला मोडायची होती. पहिल्या दोन वेळा नाक फक्त घरच्यांना आणि समितीला कळवतं. तिसऱ्या वेळी घरप्रमुखाचं नाव नगरपरिषदेच्या फाटकावरच्या फलकावर महिनाभर लागतं. दुसरा भाग विक्रीचा: तंबाखूचा प्रत्येक प्रकार फक्त तंबाखूच्या वेगळ्या दुकानात मिळणार. वाण्याच्या दुकानात नाही, चहाच्या टपरीवर नाही. गोळ्या-बिस्किटांच्या शेजारी पोरांना तंबाखू दिसू नये म्हणून.

हा सगळा प्रयोग सहा महिन्यांसाठी मंजूर झाला होता. आता मुदत संपत आली होती आणि नियम कायम करायचा की गुंडाळायचा यावर मतदान व्हायचं होतं. मतं काठावर होती. सभापतीच्याच घराचं नाव फाटकावर झळकलं, तर नियम गेलाच म्हणून समजा.

आणि दुसरी सूचना आली.

रणजित त्या दिवशी पुण्याला होता. म्हणजे तो सुटला. मी समीनाला फोन लावला आणि यंत्र बिघडलंय म्हणून तिच्यावर उखडले. ती बिचारी दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप घेऊन माझ्या केबिनमध्ये हजर झाली.

“वहिनी, नाक ठीक आहे,” ती म्हणाली. “हा बघा विडीचा आलेख. झुरका घेतला की उंच उडी, मग खाली, परत उडी. आणि हा तुमच्या घरचा. एकही उडी नाही. हळूहळू चढतोय, वर बराच वेळ बसलाय, मग सावकाश उतरतोय. हे कुणी ओढत नाहीये. पान तापवलं जातंय. भाजलं जातंय.”

“तंबाखू कोण भाजेल?”

समीना हसायला लागली. “माझी नानी भाजायची. लोखंडी तव्यावर, काळी होईपर्यंत. मग कुटून डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची. तुमच्या घरी कुणी मिश्री लावतं का?”

मी नाही म्हणणार होते. कारण आत्याबाईंनी दाढ काढली तेव्हा डॉक्टरांसमोर, माझ्यासमोर, मिश्री सोडल्याचं सांगितलं होतं. मग मला ती वाकडी भाकरी आठवली, आणि ते न मागता वाढलेलं तूपही.

मी तडक घरी आले आणि बेल न वाजवता लॅच उघडलं.

स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद होत्या. दाराच्या फटीला टॉवेल लावला होता. एक्झॉस्ट फॅन बंद, कारण त्याचं तोंड शेजारच्या गॅलरीत उघडतं. आत निळसर धूर कोंडला होता आणि आत्याबाई नाकाला पदर लावून तव्यावरची पानं उलथन्यानं परतत होत्या. ओट्याजवळच्या स्टुलावर, हातात स्टीलची छोटी डबी घेऊन, दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीलबाई बसल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या नगरपरिषदेला त्यांनी पाढे शिकवलेले. मला बघून त्यांनी डबी चटकन पाठीमागे लपवली.

“आत्याबाई!”

“दार लाव आधी,” त्या म्हणाल्या. “वास जाईल भाईर.”

मी गॅस बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. खूप काही बोलणार होते. पण दोघी अशा काही खाली माना घालून उभ्या राहिल्या, की माझ्या तोंडून एवढंच निघालं, “तुम्ही सोडली होती ना?”

“सोडलीच व्हती की. चार दिस,” आत्याबाई म्हणाल्या. “मग वाण्याकडनं साखर-चहात घालून पुडी आणायची. कुणाला कळत न्हवतं. तू वाण्याकडचं बंद केलंस.”

“तंबाखूचं दुकान आहे ना बाजारात.”

पाटीलबाई एकदम मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, “वृषाली, त्या दुकानापुढं सगळे बाप्ये उभे असतात. तिथं जाऊन मी मिश्री मागू? माझ्याच विद्यार्थ्यांच्या रांगेत?”

हे मला सुचलंच नव्हतं. वाण्याकडे बाई साबण मागते, तूरडाळ मागते आणि शेवटी हळूच पुडी मागते. पिशवीत काय आहे ते कुणाला दिसत नाही. मी तंबाखूला वेगळं दुकान दिलं आणि गावातल्या बायकांची ती एक अडोशाची जागा काढून घेतली. पण बायकांनी मिश्री काही सोडली नाही. साठवलेल्या पुड्या संपल्या, तसं आत्याबाईंच्या मावसबहिणीकडून निपाणीहून पान यायला लागलं आणि आमच्या स्वयंपाकघरात आख्ख्या इमारतीची मिश्री भाजली जायला लागली. वास बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावून! ज्या टेबलावर ओवी शाळेतून आली की अभ्यास करते, त्या टेबलापाशी.

“किती जणी आहात?” मी विचारलं.

“काय करायचंय तुला?” आत्याबाई म्हणाल्या. “तुला ज्यांनी निवडून दिलंया, त्या समद्या.”

ते खरंच होतं. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा घरच्या पुरुषांनी ‘रणजितची बायको’ म्हणून माझा फॉर्म भरायचं ठरवलं होतं. आत्याबाईंनी ऐकलं नाही. ती तिच्या नावानं उभी राहील, म्हणाल्या आणि दारोदार हळदीकुंकू लावत फिरल्या. माझी आई मी लहान असतानाच गेली. कपाळावर हात ठेवून ताप बघणारं माणूस मला लग्नानंतर मिळालं, ते हे. त्या बाईची गोष्ट मी चव्हाट्यावर आणू?

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांना विचारलं. त्यांनी चष्मा सावरत सांगितलं, “मॅडम, धूम्रपान म्हणजे धूर तोंडानं ओढणं. मिश्री भाजणं म्हणजे धूम्रपान नाही. आपल्या नियमात ते येतच नाही.”

मला हायसं वाटलं. समीनाला म्हटलं, “नाकाला तो सावकाश चढणारा आलेख सोडून द्यायला सांगता येईल?”

“एका ओळीचं काम आहे,” ती म्हणाली. “वहिनी, नक्की करू?”

“कर.”

तिनं केलं. त्याच दिवशी आत्याबाईंनी उरलेली पानं भाजली आणि माझा फोन गप्प राहिला. नाकाला सगळं कळलं होतं, आलेखही काढून ठेवला होता. फक्त बोलायचं नाही, एवढं आम्ही त्याला शिकवलं होतं.

संध्याकाळी मी मोठ्या कौतुकानं आत्याबाईंना सांगायला गेले. त्या गॅलरीत मटार सोलत होत्या.

“आत्याबाई, काळजी मिटली. मशिनला सांगितलंय, मिश्रीचा धूर मोजायचा नाही.”

मला वाटलं, त्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडतील. त्या शेंगा सोलतच राहिल्या.

“म्हंजे माझा धूर धूर न्हाई?” त्यांनी विचारलं.

“नियमात बसत नाही.”

“नियमाचं ऱ्हाऊ दे. खरं सांग. विडीच्या धुरात जे असतंय, ते ह्यात असतंय का न्हाई?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्यांच्याशी खोटं बोलायची मला सवयच नाही. मी सांगितलं. समीनानं मला समजावलं होतं तसंच सांगितलं, की पान तापलं की त्यातलं निकोटिन हवेत उडतं आणि बंद खोलीत भिंतींवर, पडद्यांवर, टेबलावर बसतं. धूर दिसेनासा झाला तरी ते दिवसेंदिवस परत हवेत येत राहतं. त्यात गॅसच्या ज्योतीतून निघणारे वायू भिंतीवरच्या त्या निकोटिनशी मिळाले, की आणखी वाईट पदार्थ तयार होतात, कॅन्सर करणारे. म्हणून तर हा सगळा नियमाचा खटाटोप.

“ओवी बसती त्या टेबलावर बी?”

मी होकारार्थी मान हलवली.

आत्याबाईंनी ताट बाजूला सरकवलं. “मग विडीवाल्याच्या शेजारचं पोरगं वाचवायचं आन् आपली ओवी न्हाई? कारण काय, तर आजी बाई हाय?”

“तसं नाही हो.”

“तसंच हाय. तुझ्या सासऱ्यांची विडी सुटावी म्हणून केवढं रामायण झालं. डॉक्टर झाले, पावण्यांची बोलणी झाली, मी उपास केलं. माझी डबी त्येंच्याच उशाला असायची. तिच्याकडं कुणी बघितलं? मिसरी म्हंजे दात घासणं. तंबाखू बाप्ये खात्यात, बाया दात घासत्यात!” त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. “वर्षभर झालं, हितं खालच्या हिरडीला पांढरं चढलंय. तिखट लागलं की आग हुती. कुणाला सांगू? इतक्या दिसांत पयल्यांदा कुणाला तरी माझ्या तव्याचा वास आला, त्ये बी मशिनला. आन् तू त्येचं नाक दाबलंस.”

वर्षभर त्या माझ्या शेजारी बसून जेवत होत्या. आमटी नको म्हणायच्या, मला वाटायचं वय झालं. मी गावाच्या फुप्फुसांची काळजी वाहत होते आणि माझ्या घरात माझ्या आईच्या तोंडात काय वाढतंय, हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना घट्ट धरलं. त्या रागावलेल्याच होत्या, पण त्यांनी मला दूर ढकललं नाही.

“आता काय करू, सांगा,” मी म्हटलं.

“नाक मोकळं कर त्येचं.”

“मग आजची अडवून ठेवलेली सूचना जाईल. ती तिसरी आहे. फाटकावर नाव लागेल. आणि मतदान परवा आहे, आत्याबाई. नियम पडेल.”

“पडू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे. पर नाव लागंल तर रणजितचं न्हाई. त्येनं काय केलंय? माझं लागंल.”

मतदानाच्या दिवशी सकाळी समीनानं ती ओळ काढून टाकली. तिनं कारण विचारलं नाही, फक्त म्हणाली, “नानीला मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं.”

सूचना मतदानाच्या सभेतच वाजली. आमची सगळ्यांचीच नशिबं अशी. माझा फोन, समितीतल्या सगळ्यांचे फोन, एकदम गोड आवाजात बोलले, “तिसरी सूचना. घरप्रमुख रणजित जगदाळे.” शेवाळेअण्णा उभेच राहिले.

“बघा! सभापतींच्या घरात तिसऱ्यांदा! ज्यांना नवरा आवरत नाही, त्या गाव आवरणार!”

“नवरा न्हाई,” मागून आवाज आला. प्रेक्षकांच्या बाकांवर आत्याबाई उभ्या होत्या. डोक्यावर पदर, अंगावर ठेवणीतलं लुगडं. “मी. मालन जगदाळे. मी मिसरी भाजली घरात. माझं नाव लावा.”

नगराध्यक्षांनी घंटी वाजवली. “मावशी, प्रेक्षकांना बोलता येत नाही.”

“मग मला तरी कुठं येतं,” असं म्हणत आत्याबाईंच्या शेजारी पाटीलबाई उठल्या. “सुमती पाटील. माझंही लावा. मीसुद्धा लावते मिश्री. आणि बाजीराव, तू खाली बस.”

शेवाळेअण्णा बसले. चौथीत पाटीलबाईंनी सांगितल्यावर ते ज्या तत्परतेनं बाकावर उभे राहायचे, तेवढ्याच तत्परतेनं ते आज बसले. बाकांवरून आणखी एक बाई उठली, मग आणखी दोन. कुणी नावं सांगितली, कुणी नुसत्याच उभ्या राहिल्या. पाणी वाटणाऱ्या मावशी तांब्या हातात घेऊन तशाच थबकल्या आणि त्यांनीही दुसरा हात वर केला.

कुणी हसलं नाही. हसणार कोण? त्या सभागृहात ज्याच्या आईच्या किंवा आजीच्या कनवटीला मिश्रीची डबी नव्हती, असा माणूस मिळाला नसता. अण्णा मान खाली घालून बसले होते. त्यांच्या आई मागच्याच वर्षी गेल्या, आणि कशानं गेल्या ते सगळ्यांना माहीत होतं.

मी उठून दुरुस्ती मांडली. ‘पुरुष सदस्यास’ हे शब्द काढा, ते मीच मूर्खपणानं घातले होते. मिश्री भाजण्याचा धूर हाही धूर समजा. आणि फलकावर नाव लावायच्या आधी त्या माणसाला दवाखान्याचा रस्ता दाखवा. बायकांसाठी दुपारी, कामं उरकल्यावर, बाई डॉक्टरांकडून तपासणी ठेवा. मिश्री पुन्हा वाण्याकडे ठेवावी का, असं मी आदल्या दिवशी आत्याबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “अजिबात नगं. मिळाली तर मी घीन.” म्हणून विक्रीचा नियम तसाच ठेवला. मतदान झालं. नियम राहिला, आणि काठावर नाही, चांगला दणदणीत राहिला. अण्णांनी हात वर केला नाही, पण विरोधातही केला नाही.

पहिली तपासणी नगरपरिषदेच्या शाळेत होती. बालवाडीच्या वर्गात, छोट्या छोट्या खुर्च्यांवर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि रांग व्हरांड्यापर्यंत गेली होती. आत्याबाई पहिल्या. त्यांनी माझा हात असा आवळला होता, की बांगड्या रुतत होत्या.

“तोंड उघडा, आजी,” डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी उघडलं. डॉक्टरांनी बॅटरी धरली आणि मी वाकून बघितलं. इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, त्यांच्याशी भांडले, त्यांच्या कुशीत रडले, पण त्यांच्या तोंडात कधी डोकावले नव्हते. खालच्या हिरडीला पांढरा, खडबडीत चट्टा होता. डॉक्टरांनी तो बोट लावून नीट तपासला. बराच वेळ.

“छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण वेळेत आलात. आज बंद केलीत तर हा चट्टा जाण्याची शक्यता चांगली आहे. दर दोन महिन्यांनी दाखवायला यायचं. चालेल?”

माझे डोळे भरून आले. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. “रडतीस काय? अजून दात हायती मला.”

मग डॉक्टर समजावून सांगायला लागल्या. निकोटिन हिरडीतून रक्तात कसं जातं, शरीर ते रोज का मागतं, सोडल्यावर पहिले काही दिवस डोकं कसं दुखेल, च्युइंगमसारखी औषधी गोळी कशी चघळायची. फार छान सांगत होत्या. आत्याबाईंनी शहाण्या मुलीसारखं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि इकडं तिकडं बघून आवाज शक्य तेवढा खाली आणला.

“त्ये समदं खरं हाय, डॉक्टरीणबाई. पर मिसरी लावल्याबिगर सकाळी पोट साफ हुईत न्हाई, त्येला काय करायचं?”

खुर्च्या कुरकुरायच्या थांबल्या, व्हरांड्यातली कुजबुज थांबली. पाटीलबाईंनी कानावरचा पदर मागं सारला आणि रांगेतल्या शेवटच्या बाईपर्यंत सगळ्याजणी डॉक्टरांचं उत्तर ऐकायला पुढे वाकल्या.